बेबीबाईंची चौथी दाढ

गेल्या वर्षी नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, अमरावतीतल्या माझ्या दवाखान्यात बेबीबाई नावाच्या फुलवाल्या बाईंची वरच्या डाव्या बाजूची एक दाढ काढायचं ठरलं होतं. ती काढली गेली नाही. त्याआधीच्या तीन दिवाळ्यांना त्यांच्या त्याच बाजूच्या तीन दाढा निघाल्या होत्या. पहिली मी काढली होती.

मी सव्वीस वर्षं दातांची डॉक्टर आहे. अमरावतीत रोज, अकोल्यात दर गुरुवारी. दंत महाविद्यालयात प्रवेश मिळण्याआधी वर्षभर अकोल्याच्या एका दैनिकात काम केलं होतं. तिथल्या उपसंपादकांनी एक सवय लावली: आपण पाहिलेलं वेगळं लिहायचं आणि कुणी सांगितलेलं त्याच्या नावावर लिहायचं. केसपेपर मी अजून तसाच लिहिते. या मजकुरातही तोच नियम पाळला आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

आमच्या कामात कीड दिसते, सूज दिसते, एक्स-रेमध्ये मूळ दिसतं. दुखणं दिसत नाही. ते पेशंटनेच सांगायचं असतं, आणि सांगण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. काही वर्षांपूर्वी मी भिंतीवर एक तक्ता लावला. शून्य ते दहा आकडे, आणि प्रत्येक आकड्याखाली एक चेहरा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. धामणगाव रेल्वे या गावचे एक धान्याचे व्यापारी तो तक्ता चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "यातला एकही माझ्यासारखा दिसत नाही." आकडा त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. शेतकरी पेशंट तर दहाच्या भानगडीत पडतच नाहीत. ते आण्यांत सांगतात. "सकाळी सा आने होतं, आता बारा आने हाये." सोळा आणे म्हणजे पूर्ण. तक्ता काढून टाकला. आता मी आणेच लिहिते.

दुसरी अडचण गोळीची. पेशंट दवाखान्यात यायच्या तासभर आधी मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेऊन खातो, कारण डॉक्टरसमोर कण्हणं बरं दिसत नाही. मग खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "आता काहीच नाही." दुखण्याच्या मागावर निघायचं तर ते जागं असावं लागतं. माझ्याकडे एकोणीस वर्षं असलेल्या मदतनीस सुनंदाताई म्हणून फोनवरच बजावतात, "दुखत दुखत या. बरं वाटल्यावर येऊ नका."

माझी स्वतःची पहिली मोठी चूक अकोल्यात झाली. कामाचं चौथं वर्ष असेल. एक वकीलसाहेब खालची दाढ घेऊन आले. दोन दिवस जेवले नव्हते. इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, ओठ बधिर झाल्याचं त्यांनीच सांगितलं. मशीन लावलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"दुखतंय."

"दुखत नाहीये काका. नुसतं दाबल्यासारखं वाटतंय. तुम्ही बधिर आहात."

"बधिर माझा ओठ आहे. मी नाही." त्यांनी तोंडातला कापूस काढून ट्रेमध्ये ठेवला आणि उठून बसले. "डॉक्टर, एक खुलासा करा. या प्रकरणात साक्षीदार कोण? तुम्ही की मी?"

"तुम्ही."

"मग साक्ष मी देतो. दुखतं. नोंद घ्या आणि पुढं चला."

वकीलसाहेबांचं बरोबर होतं. खालच्या दाढेच्या आतली नस फार सुजलेली असली की नेहमीचं इंजेक्शन अपुरं पडतं. ओठ बधिर होतो, दाढ होत नाही. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. दाढेलगत दुसरं इंजेक्शन दिलं, पुन्हा थांबले. सुरू करण्याआधी आमच्यात एक करार झाला: त्यांनी डावा हात वर केला की मी लगेच थांबायचं, कारण विचारायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत हात चार वेळा वर झाला. चौथ्यांदा मी विचारलंच, "दुखलं का?"

"नाही. तुम्ही खरंच थांबता का ते पाहत होतो."

त्यानंतर काम संपेपर्यंत हात वर झाला नाही. थांबवणं आपल्या हातात आहे याची खात्री पटली की त्याच माणसाला तेच काम कमी दुखतं. हे मी तेव्हापासून रोज पाहते आहे. डाव्या हाताचा करार दोन्ही गावच्या दवाखान्यांत आजही चालू आहे, आणि पेशंटला 'दुखत नाहीये' असं सांगायला मनाई आहे. एकदा माझ्या तोंडून ते निघालं तर सुनंदाताईंनी पेशंटसमोर मला "म्याडम!" म्हणून दटावलं.

वकीलसाहेबांच्या नियमाला एक पुरवणी आहे, ती मला बेबीबाईंनी शिकवली. दुखतं की नाही याबाबत पेशंटची साक्ष अखेरची. कुठे दुखतं याबाबत तोच प्रामाणिक साक्षीदार चुकू शकतो. वरच्या आणि खालच्या दातांच्या नसा पुढे एकाच मोठ्या नसेला मिळतात. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंच्या तक्रारीही त्याच वाटेने मेंदूकडे जातात. निरोप पोचतो, पत्ता पुसट होतो. खालची दाढ किडलेली असताना वरच्या दाढेवर बोट ठेवणारे पेशंट आठवड्याला एक-दोन तरी येतात.

बेबीबाई पन्नाशीच्या. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या एका गावात त्या आणि त्यांचा मुलगा गजानन झेंडू आणि शेवंती लावतात, आणि अमरावतीत एका देवळाजवळ हातगाडीवर विकतात. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या दोन दिवस आधी त्या पहिल्यांदा आल्या. वरच्या डाव्या बाजूच्या मोठ्या दाढेवर बोट ठेवून म्हणाल्या, "बारा आने. इथून कानापावतर."

दाढेला कीड होती, पण थोडी. भरून भागलं असतं. मी तसं सांगितलं.

"भरता कायले? झाकून ठेवलं म्हंजे मिटते का?" बेबीबाई म्हणाल्या. "काढून टाका, बाई. मले दोन दिवसांत लक्ष्मीपूजनाचा धंदा हाये."

मी अर्धा तास समजावलं असं म्हणायला आवडलं असतं. केसपेपरवरच्या वेळांवरून ते बोलणं सात मिनिटांचं होतं. दाढ काढली. कापसात गुंडाळलेली ती दाढ त्यांनी मागून घेतली आणि कमरेच्या पिशवीतल्या रिकाम्या चुन्याच्या डबीत टाकली.

सुनंदाताईंनी विचारलं, "काय करता हो तिचं?"

"जितकं घेऊन आलो तितकं वापस घेऊन जा लागते. वर गेल्यावर देवानं इचारलं, एक दाढ कुठं हाये, तं काय सांगू? डाक्टरीनबाईकडं राह्यली म्हनू?"

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्या पुन्हा आल्या, हातात झेंडूचं भलंमोठं तोरण घेऊन. दुखणं पूर्ण मिटलं होतं. तोरण त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दवाखान्याच्या दाराला बांधलं. आठ दिवस येणारा-जाणारा त्याचं कौतुक करत होता आणि मी ते ऐकून घेत होते. केसपेपरवर माझ्या अक्षरात नोंद आहे: 'दुखणं थांबलं.' त्याच केसपेपरवर, तपासणीच्या रकान्यात, आणखी एक नोंद आहे: 'डाव्या सुळ्याच्या टोकाला बारीक खाच. कारण?' प्रश्नचिन्हापुढे काही लिहिलेलं नाही.

पुढची दोन वर्षं त्या माझ्याकडे आल्या नाहीत. काहीच तक्रार नसेल असं मी धरून चालले.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी त्या डाव्या गालाला रुमाल लावून आल्या. दुसऱ्या हातात फुलांची टोपली होती, कारण गाडीवर गजानन एकटा होता आणि संध्याकाळच्या आरतीआधी वेण्या तयार हव्या होत्या. या वेळी दुखणं पंधरा आणे होतं. भाकर चावता येत नव्हती. बोट सुळ्याच्या लगेच मागच्या छोट्या दाढेवर होतं.

मी ती दाढ ठोकून पाहिली. "हव," त्या म्हणाल्या, म्हणजे दुखतं. शेजारचा सुळा ठोकला. "हव." पुढचा दात. "हव. सारेच दुखून राह्यले, पन ही त्यायची मालकीन हाये." बर्फ लावला तर खास काही वाटलं नाही. एक्स-रेमध्ये ठोस काही दिसलं नाही. तरीही काढायचं ठरलं. कारणं नोंदवते: बाहेर सात पेशंट बसले होते, बेबीबाईंना दुसरं काही मान्य नव्हतं, आणि मागे दाढ काढल्यावर दुखणं थांबल्याची नोंद माझ्याच हातची होती.

इंजेक्शन दिलं. हिरडी बधिर व्हायची वाट पाहताना बेबीबाईंनी कमरेची पिशवी उघडली आणि चुन्याची डबी सुनंदाताईंसमोर धरली.

"हे चवथी. हिले बी इच्यातच टाका."

"चौथी?" मी विचारलं. "मी तर एकच काढली होती."

"तुमी एक. मंग दुसऱ्या साली अकोल्याले बहिनीकडं गेली होती, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, तिथं एक. मांगच्या साली परतवाड्याले भावाकडं, भाऊबीजेले, तिथं एक. लय गुनी डाक्टर होते दोघंबी. काढली का आठ दिवसांत मिटलंच."

डबीतल्या तिन्ही दाढा मी ट्रेमध्ये ठेवून दिव्याखाली पाहिल्या. माझी ओळखू आली; तिच्यावर किडीचा काळा ठिपका होता. उरलेल्या दोहोंवर काहीही नव्हतं. ना कीड, ना चीर, मुळं स्वच्छ. त्या दोन डॉक्टरांना तेव्हा काय दिसलं होतं ते मला माहीत नाही. मला ट्रेमध्ये दोन चांगल्या दाढा दिसत होत्या.

"आता दुखणं किती आहे?" मी विचारलं.

बेबीबाईंनी बोटाने हिरडी चाचपली, दाढ हलवून पाहिली. "दाढ सुन्न झाली. दुखनं नाई झालं."

"म्हणजे?"

"म्हंजे दाढ कुठं हाये थे समजत नाई, पन दुखनं तिथंच हाये. पंधरा आनेच. काढा आता."

पकड माझ्या हातात होती. वरच्या जबड्यात इंजेक्शन सहसा फसत नाही. दाढ खरोखर बधिर झाली आहे आणि तरी दुखणं तसूभर कमी झालेलं नाही, तर ते दुखणं त्या दाढेचं नसावं. मी पकड ट्रेमध्ये ठेवली आणि त्यांना अर्धा तास बाहेर थांबायला सांगितलं.

"काहून?" त्यांचा आवाज चढला. "सुन्न करून बाहेर बसवता? परतवाड्याच्या डाक्टरनं पाच मिन्टात काढली होती."

"मला विचार करायचा आहे."

"थे तुमी आंधीच करत जा ना," असं म्हणून त्या बाहेर गेल्या. सुनंदाताईंनी हे वाक्य नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

पुढच्या पेशंटचं काम चालू असताना दार अर्धवट उघडं होतं. बेबीबाई बाकावर बसल्या होत्या, पाय लांब सोडून, मांडीवर टोपली. बसल्या बसल्या त्यांनी वेणी करायला घेतली. शेवंतीची वेणी सुईने ओवत नाहीत. दोऱ्याचं एक टोक ताणून धरायचं आणि फुलामागून फूल गाठीत अडकवत जायचं. ते टोक बेबीबाईंनी डाव्या बाजूला, सुळ्याखाली दाबून धरलं होतं. वरचा ओठ बधिर असल्यामुळे दोरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो इतका घट्ट चावला की गालाचा स्नायू सुपारीएवढा वर आला. प्रत्येक गाठीला तो फुगत होता. कानशिलावरची शीरही हलत होती.

मी हातमोजे काढून बाहेर गेले आणि त्यांच्या डाव्या गालावर, तोंडाच्या बाहेरून, त्या उंचवट्यावर दोन बोटांनी दाबलं.

"आई वो!" बेबीबाई ओरडल्या. दोरा सुटला, फुलं सांडली. "हेच! हेच थे दाढ!"

बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. माझी बोटं दाढेपासून दोन इंच लांब होती. त्यांनी स्वतः हात लावून खात्री केली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. उजव्या गालावर दाबलं, काही नाही.

"गालाच्या मधात दाढ कुठून आली?" त्यांनी विचारलं.

मग त्यांना आणि बाकावरच्या सगळ्यांना मिळून सांगावं लागलं. हा चावण्याचा स्नायू. दिवसभर तो आवळलेला राहिला की दुखतो, आणि आपलं दुखणं वरच्या दाढांच्या नावावर पाठवतो. एका बाईंनी आपला गाल दाबून पाहिला. मग तिघांनी.

बाकीचं विचारून कळलं. वेण्यांचं काम नवरात्र ते दिवाळी. उरलेलं वर्ष सुईने ओवलेले हार, ज्यांना दात लागत नाहीत. पूर्वी बेबीबाई जमिनीवर बसून वेण्या करत आणि दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधत. चार वर्षांपूर्वी गुडघे धरले. हाडांच्या डॉक्टरांनी खाली बसायचं नाही असं सांगितलं. गजाननने उंच हातगाडी घेतली आणि आई उभ्याने काम करू लागली. अंगठा लांब गेला, दोरा दातांत आला. सुळ्याच्या टोकाची खाच त्याचीच होती. तिन्ही दाढा दिवाळीच्या दिवसांत निघाल्या होत्या. तिन्ही वेळा त्यानंतर वेण्यांचा हंगाम संपला आणि आठवड्याभरात दुखणं मिटलं. यश तिन्ही वेळा डॉक्टरला मिळालं. त्यातल्या एका यशाचं तोरण माझ्या दाराला होतं.

हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पहिली दाढ मी काढायला नको होती, असंही सांगितलं.

बेबीबाईंनी सांडलेली फुलं टोपलीत गोळा केली. मग म्हणाल्या, "तुमी तं भरतो म्हनून राहिल्या होत्या. मीच आयकलं नाई. पन डाक्टर मी होती का तुमी?"

"मी."

"हां."



उपाय त्यांना पटला नाही. गाल दिवसातून तीनदा गरम कापडाने शेकायचा, आठवडाभर भाकर दुधात कुस्करून खायची, ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांना लावायचे नाहीत, आणि दोरा तोंडात धरायचा नाही. बेबीबाईंचा सूर असा होता की एवढ्या लांबून येऊन शेकायला सांगितलं तर इंजेक्शन कशाला दिलं. त्या परतवाड्याला जाऊन दाढ काढून घेईन म्हणाल्या. ही चौथी गेली असती तर त्या बाजूला चावायला काही उरलं नसतं. हंगामाचे जवळजवळ चार आठवडे बाकी होते, म्हणजे दुखणंही थांबलं नसतं, आणि मग सुळ्याची पाळी आली असती.

शेवटी वायदा झाला. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबायचं. तोवर दुखणं चार आण्यांवर आलं नाही तर त्या म्हणतील ती दाढ मी काढीन.

दोरा धरायचा कशाने हा खरा प्रश्न होता. गजाननला फोन लावला. त्याने गाडीच्या छत्रीच्या दांड्याला बांधू म्हणून सांगितलं. बेबीबाईंनी फोन हातातून घेतला. "दांडा ढील देते का रे? दात ढील देते. गाठ मारली का सोडते, मंग पुना धरते. दांड्याले अक्कल हाये का?" मुद्दा बरोबर होता. सुनंदाताईंनी कपड्यांचा चिमटा आणून दिला. तो दोऱ्याला पकडेना. मग त्यांनी टेबलावरचं केसपेपरचं पॅड उचललं, परीक्षेला मुलं नेतात तसलं, वर जाड लोखंडी चाप असलेलं. चाप दोरा पकडत होता, आणि बोटाने दाबला की सोडत होता. बेबीबाईंनी तीन फुलं बांधून पाहिली, मान हलवली आणि पॅड टोपलीत टाकलं. केसपेपर सुनंदाताईंनी आधीच काढून घेतले होते.

अष्टमीला मी मुद्दाम त्या देवळाकडे गेले. पॅड छत्रीच्या दांड्याला सुतळीने टांगलेलं होतं. बेबीबाईंच्या तोंडात दोरा होता. मला पाहताच त्यांनी तो थुंकल्यासारखा टाकला.

"काहून वो बाई, पोलिसावानी आल्या!"

"पॅड कशाला टांगलंय?"

"सवय हाये ना. हात कामात गुंतले का तोंड आपोआप मधात येते."

गजानन हसत होता. तोडगा त्यानेच काढला. तोवर गिऱ्हाइकांना हाका मारायचं काम त्याचं होतं. ते त्याने आईकडे दिलं. हाका मारणारं तोंड दोरा धरू शकत नाही. दसऱ्यानंतर आठवड्याभराने सुनंदाताई तिकडे जाऊन आल्या. त्यांनी सांगितलेलं असं: बेबीबाईंचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातो, शेजारच्या दोन फुलवाल्यांनी तक्रार केली आहे, आणि दुखणं सहा आण्यांवर आलं आहे.

पाडव्याला बेबीबाई आल्या नाहीत. फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी गजाननने फोन उचलला. आई भाऊबीजेला परतवाड्याला गेली, एवढंच त्याने सांगितलं. दाढेचं काय ते त्याला माहीत नव्हतं. सुनंदाताई म्हणाल्या, "गेली म्याडम चौथी." मी केसपेपरवर लिहिलं: 'पाडव्याला आल्या नाहीत. परतवाड्यास गेल्याचे मुलाकडून कळले.'

तुळशीचं लग्न होऊन चार दिवसांनी त्या सून रेखाला घेऊन आल्या. मी आधी त्यांनाच तोंड उघडायला सांगितलं. दाढ जागेवर होती.

"परतवाड्याला गेला होतात ना?"

"गेली होती. त्या डाक्टरच्या खुर्चीवर बसलीबी होती. त्यानं इचारलं, कोन्ती दुखते? म्या म्हटलं, दुखत तं कोन्तीच नाई. तं म्हने, मंग आल्या कायले? म्या म्हटलं, दर साली या दिवसांत काढतो, म्हनून आलो. त्यानं हाकलून देल्लं."

सुनंदाताईंना बाहेर जाऊन हसावं लागलं. दुखणं पाडव्याला दोन आण्यांवर होतं, असं बेबीबाईंनी सांगितलं. तपासणीच्या दिवशी शून्य. गाल दाबला तर नुसतं "उंह" म्हणाल्या.

मग त्यांनी रेखाला पुढे केलं. "आता हिले पाहा. हिचा खालचा डावा गाल ठणकून राहिला. हिची दाढ काढू नका, बाई. हिच्या तोंडातला दोरा काढा. यंदा दुसऱ्या गाडीवर हेच वेन्या करत होती." आणि मी काही करायच्या आत त्यांनी सुनेच्या गालावर दोन बोटं रोवली. "इथं दुखते का?"

"नाही," रेखा म्हणाली.

"नीट सांग. इथं?"

"नाही हो आत्याबाई. तुमचं नख लागतं तेवढंच दुखते."

मी रेखाला डाव्या हाताचा करार सांगितला आणि खालच्या दाढांना एकेक करून बर्फ लावला. तिसऱ्या दाढेला तिचा हात वर गेला आणि मी थांबले. बर्फ काढल्यावरही ठणका मिनिटभर टिकला. दोन दाढांच्या मधल्या फटीत कीड होती, वरून न दिसणारी, नसेपर्यंत पोचलेली. एक्स-रेमध्ये ती स्पष्ट दिसली.

"म्हंजे दोरा नाई?" बेबीबाईंनी विचारलं.

"या वेळी दोरा नाही."

"दाखवा मले." त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, काळा डाग कुठे ते मला बोटाने दाखवायला लावलं, आणि तो रेखाच्या हातात दिला. "भरून घे. काढू नको."

रेखाची दाढ तीन बैठकांत, नसेचं काम करून आणि वर टोपी बसवून, वाचवली. तिसऱ्या बैठकीला दुखणं शून्य आणे असल्याचं तिने सांगितलं.

बेबीबाई यंदा आषाढात तपासणीला आल्या. वरच्या जबड्यात अकरा दात, खालच्या जबड्यात चौदा. गेल्या नवरात्रात होते तितकेच.